बालेवाडीचं सेंटर कोर्ट एकाच आठवड्यात दोघांना द्या

प्रति,
पदाधिकारी, महाराष्ट्र राज्य लॉन टेनिस संघटना
आणि
क्रीडा विभाग, महाराष्ट्र शासन

विषय : पुण्यात पुरुष आणि महिलांची व्यावसायिक हार्ड कोर्ट स्पर्धा एकत्र भरवण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

मी स्वतः टेनिस खेळलेली नाही. या खेळाशी माझी ओळख झाली ती मुलीमुळे. जानेवारी २०१८ मध्ये पुण्यात पहिल्यांदा एटीपी २५० स्पर्धा झाली (एटीपी म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसची संघटना, आणि पुढचा आकडा स्पर्धेचा दर्जा सांगतो), तेव्हा ती बारा वर्षांची होती आणि सामन्यात चेंडू वेचून देणारी बॉल गर्ल म्हणून तिची निवड झाली होती. आठवडाभर मी तिला स्कूटरवर मागे बसवून कर्वेनगरहून बालेवाडीच्या क्रीडासंकुलात नेत-आणत होते. रात्री परतताना बायपासवर असा वारा लागायचा की ती माझ्या पाठीला चिकटून बसायची, आणि तशातही तिची बडबड सुरूच असायची. कोणत्या खेळाडूला चेंडू उजवीकडून लागतो, टॉवेल कोणाला दर पॉइंटला हवा असतो, पहिल्या सात गेमनंतर नवे चेंडू येतात आणि पुढे दर नऊ गेमनंतर का येतात. (सुरुवातीचा वॉर्म-अप दोन गेमच्या हिशोबात धरतात, म्हणून पहिल्या वेळी सात. हे मला तिनं सिंहगड रोडच्या सिग्नलला शिकवलं.) घरी आल्यावर पॅसेजमध्ये जमिनीलगत चेंडू सोडण्याचा सराव चालायचा. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी ते सगळं निमूट सोसलं, त्यांचे आभार इथेच मानते.

२०१९ च्या अंतिम सामन्यालाही ती होती. केविन अँडरसन आणि इव्हो कार्लोविच. दोघंही दोन मीटरहून उंच, त्यात कार्लोविच एकोणचाळीस वर्षांचा. तीन सेट झाले आणि तिन्ही टायब्रेकरवर गेले : ७-६, ६-७, ७-६. माझ्या लेकीच्या हातातून चेंडू घेऊन एवढा उंच माणूस सर्व्हिस करतो, हे स्टँडमधून बघताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ती स्पर्धा तुम्ही पुण्यात आणलीत. आधी चेन्नईत २०१७ पर्यंत होत होती, ती महाराष्ट्रात आली, आणि माझ्यासारख्या शेकडो घरांत टेनिस शिरलं. त्याबद्दलची कृतज्ञता मनात ठेवूनच हे पत्र लिहायला बसले आहे.

तिची सह्यांची एक वही आहे, निळ्या पुठ्ठ्याची. गेल्या महिन्यात कपाट आवरताना ती हाती लागली. बालेवाडीची पानं भरून गेली आहेत आणि त्यांवरची प्रत्येक सही पुरुषाची आहे. बाईची सही असलेली पानं सगळी मुंबईची. त्यातलं पहिलं नोव्हेंबर २०१७ चं. त्या वर्षी क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टांवर महिलांची डब्ल्यूटीए १२५ स्पर्धा झाली होती (पुरुषांची एटीपी, तशी महिलांची डब्ल्यूटीए). आम्ही दोघी डेक्कन क्वीननं गेलो, सीएसएमटीहून चर्चगेटच्या बाजूला चालत आलो, आणि ब्रेबोर्न स्टेडियमच्या शेजारच्या त्या कोर्टांवर एकोणीस वर्षांची बेलारूसची एक मुलगी इतक्या जोरात फटके मारताना पाहिली की लेक माझा हात घट्ट धरून बसली होती. ती मुलगी ती स्पर्धा जिंकून गेली. आर्यना सबालेंका तिचं नाव. पुढे तिनं ऑस्ट्रेलियन ओपन आणि यूएस ओपन दोन-दोनदा जिंकलं आणि जगात पहिल्या क्रमांकावर पोहोचली. माझ्या मुलीनं दुसऱ्या दिवसापासून बॅकहँड तिच्यासारखा मारायला घेतला.

दोन महिन्यांनी ती बालेवाडीला चेंडू वेचायला उभी राहिली. त्या आठवड्यात तिथे बॅकहँड शिकावा अशी एकही बाई खेळायला नव्हती. २०१८, २०१९, २०२०, मग करोनामुळे एका वर्षाचा खंड, २०२२ आणि २०२३. पाच वेळा आपल्या राज्याच्या नावाची ही स्पर्धा झाली, पाचही वेळा फक्त पुरुषांची. हा कुणा एकाचा दोष आहे असं मी म्हणत नाही. एटीपीची स्पर्धा पुरुषांचीच असते, महिलांसाठी डब्ल्यूटीएची परवानगी वेगळी लागते, पैसा वेगळा लागतो, हे मी आता शिकले आहे. पण आज परिस्थिती बदलली आहे. म्हणून आज हे मागणं मांडते आहे.

२०२४ च्या जानेवारीत पुण्याच्या एटीपी २५० चा आठवडा हाँगकाँगकडे गेला. पुण्यात राहिली ती महा ओपन, एटीपी चॅलेंजर १०० दर्जाची, म्हणजे एटीपी २५० च्या खालची पायरी. तिला कमी लेखणाऱ्यांना मी २०२४ चा विजेता दाखवते. व्हॅलेंटिन वाशेरो, मोनॅकोचा. बालेवाडीला जिंकला तेव्हा त्याला कोण ओळखत होतं? त्यानंतर दीड वर्ष उलटून गेल्यावर, ऑक्टोबर २०२५ मध्ये, जागतिक क्रमवारीत २०४ व्या क्रमांकावर असताना पात्रता फेरीतून येऊन त्यानं शांघायची मास्टर्स १००० स्पर्धा जिंकली, ग्रँड स्लॅमच्या खालोखालच्या दर्जाची. इतक्या खालच्या क्रमांकावरून ते विजेतेपद आजवर कोणी मिळवलेलं नाही. तिकडे मुंबईची महिला स्पर्धा मधल्या खंडानंतर २०२४ मध्ये परत सुरू झाली. २०२५ मध्ये तिथे कोइमतूरची पंधरा वर्षांची माया राजेश्वरन पात्रता फेरीतून आली आणि थेट उपांत्य फेरीपर्यंत गेली. जिच्याकडून हरली त्या यिल टाइशमाननंच पुढे करंडक उचलला.

म्हणजे आपल्याकडे दोन्ही अर्धे भाग आहेत. मुंबईला बायकांचा अर्धा, पुण्याला पुरुषांचा अर्धा. २०२४ मध्येही आणि २०२५ मध्येही दोन्ही स्पर्धा फेब्रुवारीतच झाल्या, मध्ये जेमतेम एका आठवड्याचं अंतर ठेवून. दोन्ही हार्ड कोर्टवर, दोन्ही याच राज्यात.

माझं मागणं एवढंच आहे की ते दोन्ही भाग एका आठवड्यात, एका आवारात आणा.

हे कुठे झालेलं नाही असं नाही. ऑस्ट्रेलियाच्या राजधानीत, कॅनबेरात, जवळपास याच दर्जाच्या दोन स्पर्धा एकत्र होतात : पुरुषांची चॅलेंजर आणि महिलांची डब्ल्यूटीए १२५, हार्ड कोर्टवर, वर्षाच्या सुरुवातीला. शहर पाच लाखांच्या आतबाहेरचं, म्हणजे आपल्या पिंपरी-चिंचवडच्याही निम्म्याहून लहान. २०२५ मध्ये तिथे पुरुषांत जोआओ फोन्सेका हा अठरा वर्षांचा ब्राझीलचा मुलगा जिंकला आणि त्याच महिन्यात मेलबर्नला ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये त्यानं नववा मानांकित आंद्रे रुब्लेव्हला पहिल्याच फेरीत घरी पाठवलं. ऑकलंडची पद्धत वेगळी आहे. तिथे त्याच कोर्टांवर एक आठवडा महिला आणि लगेच पुढचा आठवडा पुरुष खेळतात. एकत्र आठवडा जमत नसेल तर पहिल्या वर्षी ऑकलंडसारखं करून बघता येईल. आणि चेन्नईकडेही पाहा. त्यांची पुरुषांची स्पर्धा आपल्याकडे आली, तरी नुंगमबाक्कमचं स्टेडियम त्यांनी रिकामं ठेवलं नाही. २०२२ मध्ये तिथे महिलांची डब्ल्यूटीए २५० झाली, सतरा वर्षांची लिंडा फ्रुहविर्तोवा जिंकली, आणि २०२५ मध्ये ती स्पर्धा पुन्हा भरली.

कोर्टं पुरतील का, हा पहिला प्रश्न येणार. मी आणि लेकीनं एका रविवारी वहीत हिशोब मांडला. एकेरीत बत्तीस खेळाडू म्हणजे एकतीस सामने. दुहेरीत सोळा जोड्या म्हणजे पंधरा. एकूण शेहेचाळीस, आणि दोन्ही गटांचे मिळून ब्याण्णव. सगळ्यात जास्त ताण पहिल्या दोन दिवसांवर. पहिल्या फेरीचे एकेरीचे बत्तीस सामने दोन दिवसांत, दुहेरीचे सोळा त्यांच्याबरोबर, म्हणजे दिवसाला चोवीस. सामन्यांसाठी पाच कोर्टं धरली तर एका कोर्टावर पाच सामने. सकाळी दहाला सुरुवात केली तर दिवे लागल्यावर शेवटचा सामना संपतो. तिसऱ्या दिवसापासून संख्या भराभर कमी होत जाते. पात्रता फेरी आदल्या शनिवार-रविवारी. हिशोबात चूक असेल तर सुधारा. पण सुधारायला तरी तो तुमच्या टेबलावर यावा, म्हणून लिहिला.

हे हार्ड कोर्टवरच जमतं, हेही मला लेकीमुळे कळलं. मातीच्या कोर्टाला पाणी मारावं लागतं, सपाट करायला जाळी ओढत फिरवावी लागते, रेषा झाडाव्या लागतात. हार्ड कोर्ट म्हणजे डांबराच्या किंवा काँक्रीटच्या पायावर वाळू मिसळलेल्या अ‍ॅक्रिलिकचे थर. वाळू किती आणि कशी, यावर चेंडू जलद जाणार की थांबून येणार ते ठरतं. एकदा नीट घातलं की सकाळपासून रात्रीपर्यंत सामन्यामागून सामना खेळवता येतो. पुण्यात फेब्रुवारीत पाऊस नसतो. सकाळी गारवा, दुपारी ऊन, संध्याकाळी पुन्हा सुखद. शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून थोडं उंच असल्यामुळे चेंडू जरा जास्त पळतो, ही खेळाडूंची नेहमीची तक्रार, पण तो बाईचाही पळेल आणि पुरुषाचाही.

खर्चाचं तुम्हीच जास्त जाणता. तरी एक घरचा हिशोब सांगते. रॅकेटचं गटिंग करणारे, फिजिओ, डॉक्टर, पंच, बॉल किड्स, दिवे, स्टँड, सुरक्षा, खेळाडूंची ने-आण करणाऱ्या गाड्या. एकाच घरात दोन लग्नं असतील तर आपण मांडव एकच घालतो. बक्षिसाची रक्कम दुप्पट लागेल, हॉटेलच्या खोल्या दुप्पट लागतील, हे खरं. पण बाकीच्या कितीतरी गोष्टी दोनदा उभ्या कराव्या लागणार नाहीत. प्रायोजकालाही एका आठवड्यात दुप्पट सामने दाखवायला मिळतील.

आता वाइल्ड कार्डबद्दल. माझ्या मते या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे.

घरच्या स्पर्धेत यजमानाच्या हाती थोडी वाइल्ड कार्डं असतात, म्हणजे क्रमवारीत बसत नसलेल्या खेळाडूलाही थेट प्रवेश देता येतो. पुण्याच्या मुलांना त्यांचा काय उपयोग झाला ते आपण पाहिलं आहे. अर्जुन कढे याच बालेवाडीला वाइल्ड कार्डवर खेळला. २०२४ मध्ये त्यानं रित्विक बोल्लिपल्लीबरोबर अल्माटीत एटीपीचं दुहेरीचं विजेतेपद मिळवलं. मानस धामणे पंधरा वर्षांचा असताना २०२३ च्या स्पर्धेत मायकेल मोहसमोर उभा राहिला. हरला, पण सेंटर कोर्टवर शंभरच्या आसपासचा खेळाडू कसा चेंडू मारतो, हे त्याला स्वतःच्या शहरात, घरचं जेवण जेवून कळलं. पुण्याच्या मुलीला हे कळायचं असेल तर तिला कुठे जावं लागतं? महिन्याला दोन-तीन देश, आईवडिलांपैकी एकाची रजा, व्हिसा, तिकिटं, आणि पहिल्या फेरीत हरली की परतीचं तिकीट बदलायचा दंड. मी हे केलं आहे, लहान प्रमाणावर, ज्युनिअरच्या स्पर्धांसाठी. दोन वर्षांत आमची ठेव संपली आणि सोळाव्या वर्षी लेकीनं स्वतःच सांगितलं की आता बस.

पुण्यात मुली तयार होत नाहीत, असं तर कोणी म्हणूच शकत नाही. ऋतुजा भोसलेनं २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण आणलं. अंकिता रैना मूळची अहमदाबादची, पण घडली पुण्यात, हेमंत बेंद्रे यांच्याकडे. तिला २०१८ मध्ये आशियाई स्पर्धेत एकेरीचं कांस्य मिळालं. बार्शीच्या प्रार्थना ठोंबरेनं २०१४ मध्ये सानिया मिर्झाबरोबर महिला दुहेरीचं कांस्य जिंकलं. वैष्णवी आडकरनं २०२५ मध्ये जर्मनीत जागतिक विद्यापीठ स्पर्धेत एकेरीत कांस्य मिळवलं. बार्शीहून आलेली मुलगी आशियाई पदकापर्यंत पोहोचते, यात किती माणसांचे किती तास गेले असतील याचा विचार केला की मला गप्प बसवत नाही. डेक्कन जिमखान्यावर आयटीएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या खालच्या पायरीच्या महिला स्पर्धा वर्षानुवर्षं होत आल्या आहेत, सोलापुरातही झाल्या आहेत. त्या भरवणाऱ्यांचे उपकार मोठे आहेत. पण त्याच्या वरची पायरी आपल्या शहरात नाही.

"महिलांच्या टेनिसला प्रेक्षक येत नाहीत" हे वाक्य मी आजवर तीन वेगवेगळ्या माणसांकडून ऐकलं आहे. त्यांना मी एप्रिल २०२५ चा आठवडा आठवायला सांगते. तुम्हीच बालेवाडीला बिली जीन किंग चषकाच्या, म्हणजे देशोदेशींच्या महिला संघांच्या स्पर्धेच्या, आशिया-ओशनिया गटाचे सामने भरवले होते. सहा देश होते. एप्रिलचं ऊन आपल्याला माहीत आहे, तरी संध्याकाळी स्टँडमध्ये माणसं येत होती, ढोल वाजत होते, माझ्या शेजारी एक आजोबा नातीला डब्यातून पोहे भरवत स्कोअर समजावून सांगत होते. भारत पहिली लढत न्यूझीलंडशी हरला आणि पुढच्या चारही जिंकला. श्रीवल्ली भमिडीपती एकेरीचा एकही सामना हरली नाही. शेवटच्या दिवशी दक्षिण कोरियाला हरवून आपण प्ले-ऑफमध्ये गेलो तेव्हा माझी लेक उभी राहून ओरडत होती. बालेवाडीच्या सेंटर कोर्टवर बाई खेळताना तिनं पहिल्यांदा पाहिली ती त्या आठवड्यात. तिथे पहिल्यांदा चेंडू वेचले त्याला तेव्हा सात वर्षं झाली होती.

त्या चषकाला ज्यांचं नाव आहे त्यांचीही गोष्ट याच विषयाची आहे. १९७२ मध्ये बिली जीन किंग यूएस ओपन जिंकल्या आणि त्यांना दहा हजार डॉलर मिळाले. त्याच वर्षीचे पुरुष विजेते इली नस्तासे यांना पंचवीस हजार. पुढच्या वर्षीही असंच असेल तर मी खेळायला येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. नुसतं सांगून थांबल्या नाहीत, फरक भरून काढणारा प्रायोजकही उभा केला. १९७३ पासून न्यूयॉर्कला दोघांना सारखी रक्कम मिळू लागली. इतर तीन ग्रँड स्लॅमना तिथवर पोहोचायला आणखी कितीतरी वर्षं लागली. विम्बल्डननं तर २००७ उजाडू दिलं. तेव्हा पहिल्याच वर्षी सगळं सारखं होईल असं मी धरून चाललेली नाही. रकमेपेक्षा आधी मला वेळापत्रक सारखं हवं आहे. मेलबर्नला मुख्य कोर्टवर रात्रीच्या सत्रात एक सामना महिलांचा आणि एक पुरुषांचा ठेवतात. बालेवाडीलाही तसं ठेवा. दुपारी दोनच्या उन्हात बाजूच्या कोर्टवर मुली आणि संध्याकाळी दिव्यांखाली सेंटर कोर्टवर मुलगे, असं झालं तर एकत्र भरवण्यात अर्थ राहणार नाही.

हे मी एवढं ठासून का लिहिते ते सांगते. लेक चौदा-पंधरा वर्षांची असताना ज्या क्लबात खेळायची, तिथे संध्याकाळी सहानंतर दिव्यांची कोर्टं "सिरीयस मुलांसाठी" राखून ठेवलेली असायची. सिरीयस म्हणजे कोण हे कुठे लिहिलेलं नव्हतं. पण त्या यादीत एकही मुलगी नसायची. मुलींनी दुपारी चारला यायचं, शाळा सुटल्या-सुटल्या, न खाता. मी दोनदा अर्ज दिला. उत्तर आलं नाही. त्या माणसांच्या मनात वाईट होतं असं मला आजही वाटत नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर मोठं टेनिस म्हणजे बालेवाडीला दर वर्षी दिसणारं टेनिस होतं, आणि त्यात पुरुष होते. त्यांनी जे पाहिलं त्यावरून कोर्टं वाटली.

आज लेक वीस वर्षांची आहे. कॉलेज सांभाळून संध्याकाळी लहान मुलींना शिकवते. अकरा मुली आहेत तिच्या बॅचला, सगळ्यात धाकटी सात वर्षांची. तिच्याकडे दिव्यांचं एक कोर्ट आहे, सहा ते साडेसात, आणि ते मिळवण्यासाठी तिला भांडावं लागलं.

म्हणून माझी विनंती अशी. येत्या वर्षाची कॅलेंडरं ठरतील तेव्हा मुंबईच्या स्पर्धेच्या आयोजकांना आणि पुण्याच्या आयोजकांना एका टेबलाशी बसवा. फेब्रुवारीतला एक आठवडा बालेवाडीला दोघांसाठी मागता येतो का, याची एटीपी आणि डब्ल्यूटीए दोघांकडे चौकशी करा. मुंबईनं महिलांची स्पर्धा सोडू नये असं वाटत असेल तर मी समजू शकते, ती त्यांनी मेहनतीनं उभी केली आहे. तसं असेल तर पुण्यासाठी महिलांची आणखी एक स्पर्धा मागा, सुरुवातीला आयटीएफच्या दर्जाची असली तरी चालेल, पण ती महा ओपनच्या आठवड्यात, त्याच आवारात, त्याच पोस्टरवर असू द्या. क्रीडा विभागानं २०१८ मध्ये पुरुषांच्या स्पर्धेच्या पाठीशी जसं बळ लावलं होतं, तसं यावेळी दोघांच्या पाठीशी लावावं. महिलांच्या मुख्य फेरीतल्या वाइल्ड कार्डांपैकी एक तरी राज्यातल्या मुलीसाठी ठेवा. महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या मुलींना पहिले तीन दिवस आत मोफत सोडा. सोमवार ते बुधवार स्टँडचा बराच भाग तसाही रिकामा असतो. बॉल किड्स निम्म्या मुली, निम्मे मुलगे घ्या, आणि सगळ्यांना दोन्ही गटांच्या सामन्यांवर उभं करा.

बॉल किड्सना शिकवायला माणूस हवा असेल तर माझी लेक येईल. तिनं हे पत्र वाचलं आहे आणि ते लिहायला परवानगी दिली आहे. चेंडू जमिनीलगत कसा सोडायचा, ते तिला अजून आठवतं. तिच्या बॅचमधल्या सात वर्षांच्या मुलीनं परवा विचारलं की बालेवाडी म्हणजे कुठे. आम्ही तिला फेब्रुवारीत नेऊ असं सांगितलं आहे, आणि निळ्या पुठ्ठ्याची तशीच एक कोरी वही तिच्यासाठी आणून ठेवली आहे.

आपली,
बालेवाडीच्या एका बॉल गर्लची आई
कर्वेनगर, पुणे